कोंबडी अचानक लंगडली तर : मुरगळ की मानमोडी ?

कोकणातील आपल्या वाड्यांतून ज्याच्या परसात पाच-दहा गावठी कोंबड्या नाहीत असे घर विरळाच. जमीन असली तर गुंठ्यांत मोजावी एवढी, मुंबईहून येणारा पैसा कधी वेळेवर येतो तर कधी लांबतो. अशा घरात कोंबडी ही घरच्या बाईच्या हातची रोकड असते. मुलांच्या वह्या, एस.टी.चा पास, परीक्षेचा फॉर्म यांसाठी लागणारे पैसे पुष्कळदा अंड्यांच्या टोपलीतूनच येतात. घरातील पुरुषमंडळींना त्याचा हिशेब ठाऊक नसतो, ही गोष्ट वेगळी.

असे असूनही कोंबडी आजारी पडली तर काय करावे याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. बैल किंवा शेळी आजारी पडली तर धावपळ होते. कोंबडी मान टाकून बसली तर दोनच मार्ग ठाऊक असतात. एक तर सुरी, नाही तर बाजार. या दोन्ही मार्गांनी केवढे नुकसान होते हे आमच्या डोळ्यांदेखत घडले, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मंडळी गावी गेलो होतो. वाडीत लग्नसराई होती. एका घरी आठवडे बाजारातून एक कोंबडा विकत आणला होता आणि त्याच संध्याकाळी तो घरच्या चौदा कोंबड्यांबरोबर खुराड्यात सोडला होता. सहाव्या-सातव्या दिवशी त्या घरची एक चांगली अंड्यावरची कोंबडी पाय ओढू लागली. पोरांनी दगड मारला असेल, असे सर्वांचे मत पडले. आम्हीही त्यात होतो. घरच्या वहिनींनी हळद-चुन्याचा लेप लावून पायाला चिंधी बांधली आणि कोंबडी पुन्हा इतरांत सोडली. दुसऱ्या दिवशी तिने हिरवट पातळ हगायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघींचे पाय गेले आणि एकीची मान पाठीकडे वळली. तेव्हा कोणीतरी सल्ला दिला की, आहेत तोवर विकून टाका. चार कोंबड्या बाजारात गेल्या, दोन पाहुण्यांच्या जेवणात गेल्या आणि त्यांची पिसे व आतडी गडग्यापलीकडे टाकली गेली. पंधरा दिवसांत वाडीतील बहुतेक खुराडी रिकामी झाली. ज्या घरांनी त्या चार कोंबड्या बाजारात घेतल्या असतील त्यांचे काय झाले, हे आम्हांस कळण्यास मार्ग नव्हता. वहिनींच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश त्या वर्षी उसनवारी करून झाला.

त्या कोंबडीचा पाय मुरगळलेला नव्हता. तो 'मानमोडी' या रोगाचा पाय होता. पाय मुरगळलेल्या कोंबडीला लेप चालतो. मानमोडीच्या कोंबडीला लेप लावून इतरांत सोडणे म्हणजे आग लागलेली काडी गवताच्या उडवीत ठेवण्यासारखे आहे. वरवर पाहता दोन्ही कोंबड्या सारख्याच लंगडतात. त्यांतील फरक कसा ओळखावा, हे आमच्या भगिनींना आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना कळले पाहिजे.

कोंबडी लंगडताना, झुकताना किंवा एका जागी बसून राहिलेली दिसली की पहिले काम एकच. तिला उचलून वेगळी करावी. कारण शोधणे नंतर. पडवीच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली, वाऱ्या-पावसापासून आडोशाला ठेवावी. खाली जुने वर्तमानपत्र पसरावे, म्हणजे ती कशी हगते ते स्पष्ट दिसते. ही युक्ती साधी असली तरी निम्मे निदान तिथेच होते. तोंडाजवळ पाण्याची वाटी ठेवावी, कारण उठता न येणारी कोंबडी रोगाआधी तहानेने मरते. पाणी पाजावयाचे असेल तर चोचीच्या कडेला थेंब-थेंब लावावे. चोच उघडून ओतू नये, ते श्वासनळीत जाते. खावयास मऊ भात किंवा पेज चालेल. आजारी कोंबडीचे सर्व काम शेवटी करावे, आधी निरोगी कोंबड्यांचे करावे आणि नंतर हातपाय साबणाने धुवावेत.

मग स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. एकीलाच झाले आहे की आणखी कोणाला ? आणि दुखणे फक्त पायातच आहे की पायाबरोबर आणखी काही आहे ? तुरा लाल आहे, डोळा तरतरीत आहे, दाणे टाकले की लंगडत का होईना पण धावते आणि विष्ठाही नेहमीसारखी आहे, अशी कोंबडी बहुधा पायानेच आजारी असते. तिचे दुखणे तिच्यापुरते असते. त्याउलट पिसे फुलवून डोळे मिटून बसलेली, खाणे सोडलेली, चोच उघडून श्वास घेणारी कोंबडी लंगडत असेल तर तो पायाचा आजार समजू नये.

पाय तपासावयाचा तर तिन्हीसांजेला, कोंबडी शांत झाल्यावर, मांडीवर घेऊन बॅटरीच्या उजेडात तपासावा. सुरुवात तळव्यापासून करावी. बोटांत नायलॉनचा दोरा, जाळ्याचा तुकडा किंवा बाईमाणसाचा लांब केस गुंडाळलेला आहे काय हे आधी पाहावे. समुद्राकाठच्या गावांत हे फार आढळते. दोरा मांसात रुतून बोट काळे पडेपर्यंत घरात कोणाला पत्ता नसतो. बारीक कात्रीने दोरा कापला की कोंबडी दोन दिवसांत चालू लागते. तळव्याच्या मध्यभागी काळी खपली आणि तिच्याभोवती सूज असेल तर ते माणसाच्या कुरूपासारखे दुखणे असते. काटा किंवा कूस टोचल्याने अथवा उंचावरून कातळावर रोज उड्या मारल्याने तळव्यास जखम होते आणि आत पू धरतो. कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून स्वच्छ करावा, जंतुनाशक मलम लावून स्वच्छ फडक्याने बांधावा, रोज पट्टी बदलावी आणि कोंबडी कोरड्या भुशावर ठेवावी. ब्लेडने कापून पू काढण्याचा उद्योग घरी करू नये. आत घट्ट गाठ असेल तर ते पशुवैद्यकाचे काम आहे.

पायावरील खवले उभे राहून त्यांत पांढरी चुनखडीसारखी पुटे चढली असतील तर ती खरूज होय. अतिसूक्ष्म किडे खवल्यांखाली राहतात. साबणाच्या कोमट पाण्याने पाय जुन्या टूथब्रशने हलके घासून खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडावे व काही आठवडे दर दोन-चार दिवसांनी पुन्हा लावावे. जोर करून पुटे ओरबाडू नयेत, रक्त येते. रॉकेल लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तिने कातडी भाजते.

तळवा स्वच्छ असेल तर हात वर न्यावा. सांधा गरम व सुजलेला आहे काय, मांडी लोंबकळते काय, कुत्र्या-मुंगुसाच्या दाताची खूण आहे काय ते पाहावे. हाड मोडले असेल तर हलवाहलव न करता दवाखाना गाठावा. नुसती मुरगळ असेल तर चार-सहा दिवस डालग्याखालची विश्रांती हेच औषध. आमच्या वहिनींचा लेप अशा वेळी निदान अपाय करीत नाही.

अंड्यावरच्या कोंबडीत आणखी एक कारण असते आणि ते तातडीचे असते. अंडे आत अडकले की ती शेपूट खाली घालून, अंग ताठ उभे धरून थांबत-थांबत चालते, वारंवार कुंथते, आणि अडकलेल्या अंड्याचा दाब पायाच्या शिरांवर पडल्याने लंगडते किंवा बसून राहते. खुडूक झाली असे समजून घरचे लोक तिला तशीच सोडतात. खुडूक कोंबडी अंगावर हात नेला की फुगते, चोच मारते. अडलेली कोंबडी मुकाट बसते. तिला छातीपर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे, गुदद्वारास खोबरेल तेल लावावे आणि अंधाऱ्या, उबदार जागी ठेवावे. पुष्कळदा तासा-दोन तासांत अंडे सुटते. पोट दाबून अंडे काढू नये. ते आत फुटले तर कोंबडी हातची जाते. त्याच दिवशी अंडे न सुटल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. याचे एक प्रमुख कारण अंगातील चुना कमी पडणे हे आहे. अंड्याचे कवच चुन्याचे, आणि तो चुना दाण्यातून पुरेसा मिळत नाही म्हणून कोंबडी आपल्या हाडांतून काढते. चुन्याअभावी हाडे ठिसूळ होऊनही ती पायावर बसते. आपल्या किनाऱ्यावर शिंपल्यांना तोटा नाही. शिंपले धुऊन, भाजून, कुटून एका करवंटीत ठेवले तर कोंबड्या लागेल तेवढे आपणच टिपतात. अंड्याची टरफलेही चालतील, मात्र वाळवून बारीक चुरा करून. नाही तर अंडी फोडून खाण्याची सवय लागते.

लहान पिल्लांची बोटे आत वळून ती घोट्यांवर चालू लागली तर बहुधा आहारात बी-टू या जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो. नुसती तांदळाची कणी घालणाऱ्या घरांत हे दिसते. लवकर औषध दिले तर पिल्ले सुधारतात. दोन-चार महिन्यांच्या तलंगांत एक पाय पुढे व एक पाय मागे पसरून पडण्याचा 'मरेक' नावाचा रोग असतो. त्यावर उपचार नाही. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघते त्या पहिल्या दिवशीच द्यावी लागते, म्हणून सुधारित जातीची पिल्ले घेताना ती दिली आहे काय हे विचारून घ्यावे.

आता मानमोडीविषयी. शास्त्रीय पुस्तकांत याला 'राणीखेत' म्हणतात, कारण आपल्या देशात तो प्रथम कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे ओळखला गेला. १९२६ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे हाच रोग आढळला होता, म्हणून जगात इतरत्र त्याला न्यूकॅसलचे नाव आहे. तो विषाणूमुळे होतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते पंधरा दिवस जातात, बहुधा पाच-सहा. आमच्या वाडीत कोंबडा आल्यानंतर सहाव्या-सातव्या दिवशी पाय गेला, त्याचा अर्थ आम्हांस पुढे कळला. चोच उघडून धापा टाकणे, घशातून घरघर, हिरवट-पांढरे पातळ हगणे, अंडी एकदम बंद होणे किंवा मऊ कवचाची, वेडीवाकडी येणे, पाय किंवा पंख लुळा पडणे आणि शेवटी मान पिळवटणे ही त्याची लक्षणे होत. सर्वच लक्षणे एका कोंबडीत दिसतील असे नाही. एकीला आधी श्वास लागेल, दुसरीचा आधी पायच जाईल, तिसरी काहीच न दाखवता सकाळी मेलेली सापडेल. लस न दिलेल्या कळपात दहांपैकी नऊ किंवा सर्वच्या सर्व कोंबड्या मरू शकतात. ज्या वाचतात त्यांची मान पुष्कळदा कायमची वाकडी राहते.

या रोगावर औषध नाही. लसूण, कांदा, हळद यांनी तो बरा होत नाही. नखे कापून रक्त काढण्याने किंवा डाग देण्याने तर मुक्या जिवाचे हाल मात्र होतात. माणसांच्या गोळ्यांचे तुकडे चारणारे लोकही आम्ही पाहिले आहेत. प्रतिजैविक औषधे विषाणूला मारीत नाहीत आणि त्यांचा अंश अंड्यांतून आपल्याच मुलांच्या पोटात जातो. उपाय आहे तो आधीचा, म्हणजे लस. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना 'लासोटा' किंवा 'एफ-वन' या लसीचा एक थेंब डोळ्यात अथवा नाकपुडीत टाकतात. सहा ते आठ आठवड्यांनंतर 'आर-टू-बी' ही लस टोचतात. पुढे पुन्हा केव्हा द्यावयाची ते पशुवैद्यक सांगतात. साथ सुरू झाल्यावर लस देऊन लागण झालेल्या कोंबड्या वाचत नाहीत, कारण अंगात प्रतिकारशक्ती येण्यास दीड-दोन आठवडे लागतात.

लस महाग नाही. मग आपल्या वाड्यांत ती का पोहोचत नाही ? आमच्या समजुतीप्रमाणे खरी अडचण कुपीची आहे. लहानातली लहान कुपी घेतली तरी ती बहुधा शंभर कोंबड्यांची असते, आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घराने शंभरांची कुपी का घ्यावी ? शिवाय ती बर्फात ठेवावी लागते. ऊन लागले की तिच्यात पाण्यापलीकडे काही उरत नाही. एका घरास हे झेपणारे नाही, पण वाडीस सहज झेपते. त्या मे महिन्यानंतरच्या हिवाळ्यात वाडीतील महिला मंडळाने वर्गणी काढून एक कुपी आणविली. थर्मासला बर्फ मासळीवाल्याकडून मिळाला, त्यामुळे थर्मासला आठवडाभर बांगड्याचा वास येत होता. आदल्या रात्री प्रत्येक घराने आपल्या कोंबड्या खुराड्यातच बंद ठेवल्या. पहाटे उजाडण्यापूर्वी पशुधन पर्यवेक्षकांनी दाखविल्याप्रमाणे बारावीच्या दोन विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन डोळ्यात थेंब टाकले. एकाने धरावयाचे, दुसऱ्याने थेंब टाकून कोंबडीने डोळा मिटेपर्यंत थांबावयाचे. सूर्य वर येण्याच्या आत काम झाले. आजारी कोंबडीस लस देऊ नये आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय स्वतःचा डोळा चोळू नये, कारण या लसीने व रोगानेही माणसाचे डोळे काही दिवस लाल होतात. असे लसीकरण एकदा करून भागत नाही. उन्हाळ्यापूर्वी व ऋतू पालटताना नव्या पिल्लांचा विचार करावाच लागतो, आणि दुसऱ्या वर्षी वर्गणी काढताना पहिल्या वर्षीचा उत्साह नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

लंगडण्यामागे विषबाधाही असू शकते. उंदराचे औषध, फवारलेल्या शेतातील दाणे, पावसाळ्यात बुरसलेला कोंडा, सुक्या मासळीचे खारट उरलेसुरले ही नेहमीची कारणे आहेत. कुजलेल्या मेलेल्या जनावरावरील अळ्या खाल्ल्याने मान व पाय दोरीसारखे लुळे पडतात. मानमोडीत मान पिळते, यात ती ढिली लोंबते. म्हणजे मेलेली कोंबडी झुडपात फेकणारा माणूस एका रोगातून दुसरा रोग ओढवून घेतो. मेलेली कोंबडी विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, कुत्र्यांनी उकरता येणार नाही एवढ्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

एकाच दिवशी अनेक कोंबड्या मेल्या, तुरे जांभळे पडले, डोकी सुजली तर हात न लावता ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास व ग्रामपंचायतीस कळवावे. बर्ड फ्लू ही दूर देशची गोष्ट राहिलेली नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिली साथ आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे जाहीर झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या त्याने मेल्या. २००९ च्या केंद्रीय कायद्याने जनावरांच्या साथीच्या रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे, तो विद्यार्थ्यांनी घरच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

राहिला बाजाराचा प्रश्न. आजारी कोंबडी विकू नका असे सांगणे आम्हांस मुंबईत बसून सोपे आहे. चौदांपैकी तीन मेल्यावर उरलेल्या अकरांचे पैसे करावेत असे ज्या बाईला वाटते तिला आम्ही दोष देणार नाही. पण वाडीत तो कोंबडा आला तोही अशाच कोणाच्या तरी खुराड्यातून, अशाच विचाराने बाजारात आला होता. घरी कापून खाण्यानेही साथ थांबत नाही. शिजलेल्या मांसाने अपाय होत नसला तरी रक्त, पिसे आणि आतडी यांतून रोग शेजारी जातो. साथीच्या काळात कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, वाडीत कोणाच्या घरी मर आहे हे लपवू नये, आणि त्या घरी जाऊन आल्यावर चपला धुतल्याशिवाय आपल्या खुराड्याकडे फिरकू नये.

साथ संपल्यावर खुराडे रिकामे करून घाण जाळावी, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून चुना लावावा आणि तीन-चार आठवडे ऊन खाऊ द्यावे. त्यानंतर आणलेली नवी कोंबडी, मग ती बाजारातील असो वा बहिणीने प्रेमाने पाठविलेली असो, पंधरा दिवस निराळ्या डालग्याखाली ठेवावी. आमच्या वहिनींनी अलीकडेच माहेरहून आलेली तलंग असे पंधरा दिवस वेगळी ठेवली, तेव्हा माहेरची माणसे थोडी रुसली होती.